भिंतीतली नळी

माझ्या मेव्हण्याचं, दिगंबरचं, लग्न ज्या वर्षी झालं त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार एक. तुळशीचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं. नाशिकबाहेर म्हसरूळला आमच्या दोन खोल्यांचं बांधकाम चालू होतं आणि मी न्हाणीच्या भिंतीत पाईपासाठी खाच पाडत होतो. छिन्नीच्या आवाजात बाहेर थांबलेली रिक्षा मला ऐकू आली नाही. हिरामण गवंडी आत डोकावून म्हणाला, "मिस्त्री, कोणी म्हातारबाबा आलेत. कोटबिट घातलाय."

मी बाहेर आलो. माझे सासरे उभे होते. डोक्यावर काळी टोपी, हातात कापडी पिशवी, आणि नजर माझ्यावर नाही, माझ्या हातातल्या छिन्नीवर.

"इंदू आहे का?" त्यांनी विचारलं.

इंदू मागच्या बाजूला नव्या भिंतीवर पाणी मारत होती. आवाज ऐकून ती पाईप तसाच वाहता टाकून आली आणि दहा हातांवर थबकली.

बारा वर्षांत ते आमच्याकडे आले नव्हते. ते जातीनं आणि धंद्यानं तांबट. जुन्या नाशकात त्यांचं दुकान होतं, आणि अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब घ्यायचा म्हटला की लोक मुरलीधर तांबटांचं दुकान विचारत यायचे. मी नळ जोडणारा. त्यांच्या गल्लीतला नळ दुरुस्त करायला आलो आणि त्यांची लेक घेऊन गेलो, असं ते ज्याला त्याला सांगत. जात वेगळी, हा राग होताच. पण त्याहून मोठा राग वेगळा होता. मी घरोघरी गिझर बसवत फिरायचो. मी गिझर बसवला की त्या घरातला बंब अडगळीत जायचा. आम्ही रजिस्टर लग्न केलं त्या दिवशी ते म्हणाले होते, "त्याचा उंबरा ओलांडणार नाही आणि त्याच्या नळाचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही." मधल्या काळात सासूबाई वारल्या, तेव्हाही इंदू माहेरच्या ओट्यावर बसून रडली आणि तशीच परत आली. आत ये असं कोणी म्हटलं नाही.

"दिगूचं लग्न ठरलं," ते इंदूला म्हणाले. "मार्गशीर्षात आहे. मागे पाण्याचा करा धरून उभं राहायला बहीण लागते."

"चुलतबहिणी आहेत की दादा," इंदू वडिलांना म्हणाली. आवाज कोरडा होता, पण पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"चुलत ती चुलत."

एवढंच आमंत्रण. पिशवीतून अक्षता आणि पत्रिका काढून त्यांनी तिच्या हातात दिली. इंदूनं पेला भरून आणला. त्यांनी पेल्याकडे पाहिलंही नाही. "पाणी नको."

हिरामणला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, उन्हात कशाला उभे? आत या की, सावलीला."

"मी यांचा उंबरा ओलांडत नाही."

"घ्या! उंबरा बसलाय कुठं अजून? चौकटच नाही आली सुताराकडून."

सासऱ्यांनी दाराच्या जागी असलेल्या भोकाकडे पाहिलं. खाली खरंच नुसती माती होती. थोडा वेळ ते त्या मातीकडे बघत राहिले, आणि मग आत आले. इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी छिन्नी खाली ठेवली.

आत येऊन ते सरळ न्हाणीत गेले. जवळच भिंतीला माझे पाईप टेकवून ठेवले होते. थंड पाण्याचे लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले. आणि गरम पाण्यासाठी नवीनच आलेला प्लास्टिकचा, सायीच्या रंगाचा. त्यांनी तो उचलला, बोटानं टिचकी मारली.

"हे काय आहे, नळवाले?" ते मला पहिल्यापासून नळवालेच म्हणत.

"गरम पाण्याचा पाईप आहे, मामा. गिझरपासून नळापर्यंत."

"हा? ही तर शेवई आहे. गरम पाणी सोडलं की पोरगी पाण्याबरोबर खीर पण अंगावर घेईल."

हिरामण हसला. मीही हसलो असतो, पण धीर झाला नाही. "वितळत नाही मामा. नियमात बसतो."

"नियम कोणी लिहिला? शेवया करणाऱ्यानं?" त्यांनी पाईप परत ठेवला, खाचेवरून हात फिरवला, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. वितीनं अंतर मोजलं. मग इंदूकडे न बघता म्हणाले, "गरम पाण्याची नळी मी देतो. तांब्याची. दुसरी घालू नका." आणि रिक्षात बसून निघून गेले.

इंदू बराच वेळ दारात उभी होती. मागे भिंतीवर टाकलेला पाण्याचा पाईप वाहतच होता. मी जाऊन बंद केला.

आठवड्याभरात ते पुन्हा आले. या वेळी रिक्षावाल्यानं त्यांच्याबरोबर फडक्यात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी उतरवलं. फडकं सोडलं तेव्हा हिरामणनं थापी बाजूला ठेवली. तांब्याची नळी, तीन तुकडे जोडून केलेली. पत्रा सळईभोवती वळवून, ठोकून ठोकून गोल केलेला. अंगावर हातोडीच्या बारीक टिकल्या, एकीला लागून एक, माशाच्या खवल्यांसारख्या. एका बाजूनं शिवण होती, म्हणजे पत्र्याच्या दोन कडा एकमेकींवर चढवून तिथे डाख दिलेला, शिसं आणि कथिल वितळवून. जोडही तसेच. मी आयुष्यात पुष्कळ पाईप पाहिले, पण त्याच्याइतका देखणा पाईप पाहिला नाही.

इंदूनं त्याच्यावरून बोटं फिरवली. "किती दिवस ठोकत होता दादा?"

"होतो ठोकत."

त्यांनी येताना स्वतःचा तांब्या आणला होता, फिरकीचा, झाकणावर पेला बसवलेला. दुपारी त्यातलं पाणी ते प्यायले. आमच्या पिंपाकडे पाठ करून बसले होते.

आता माझी अडचण सांगतो. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षर मला इंदूनं शिकवलं, लग्नानंतर, सिमेंटच्या गोण्यांवरची नावं वाचायला लावून. त्याच्या जोरावर मी महापालिकेच्या परवान्याची परीक्षा दिली होती आणि त्याच वर्षी मला परवाना मिळाला होता. नळ घ्यायचा तर परवानाधारकानं सही करून द्यावी लागते की आतलं सगळं सामान मंजूर आहे. परीक्षेच्या पुस्तकात कुठला पाईप कुठे चालतो ते दिलेलं होतं. मी ते इतक्या वेळा बोट ठेवून वाचलं होतं की पानं कळकट झाली होती. तांब्याची नळी चालत होती. पण अखंड, बिनशिवणीची. आणि जोडात शिसं नको, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मामांच्या नळीला वरपासून खालपर्यंत शिवण होती, आणि शिवणीत शिसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना मी इंदूला सांगितलं. ती ऐकत राहिली.

मी म्हणालो, "एक करता येईल. त्यांची नळी भिंतीत घालू. पाणी मात्र दुसऱ्या पाईपातून नेऊ, शेजारूनच. वरून गिलावा झाला की कोणाला काय कळतंय?"

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "दादांना फसवून घरात घ्यायचं?"

"फसवून कुठं? नळी भिंतीतच राहील की."

"कोरडी." ती म्हणाली. "भिंतीत पुरलेली कोरडी नळी. त्यापेक्षा नको म्हणून सांगा."

"सांगितलं आणि पुन्हा बारा वर्षं आले नाहीत तर?"

 आमची स्नेहल तेव्हा दहा वर्षांची. ती दप्तर भरत होती. ती म्हणाली, "आजोबा आज येणार आहेत का? त्यांची टोपी मला घालून बघायचीय." इंदूनं ताटं उचलली.

मामा दुपारी आले. मी नियमाचं कसं काढावं याचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात इंदूच पुढे झाली.

"दादा, भिंतीत घालायच्या आधी दाब देऊन बघावं लागतं. पंप लावायचाय."

मला वाटलं झालं, आता टोपी सरळ करतील आणि निघतील. पण त्यांचा चेहरा उलट खुलला. "लावा की! मी काय न तपासता दुकानातून भांडं सोडलंय कधी? चुना आहे का थोडा?"

हिरामणच्या घमेल्यातून त्यांनी निवळीचा चुना घेतला आणि फडक्यानं नळीच्या सगळ्या शिवणीवर पातळ हात मारला. "हा आमचा पंप," ते हिरामणला सांगू लागले. "चुना वाळला की पांढरा. कुठं पाझर असेल तर तेवढ्या जागी काळपट डाग उमटतो. डोळ्याला न दिसणारं भोक चुना दाखवतो. कळलं का?"

"आम्ही आपला भिंतीलाच लावतो बाबा," हिरामण म्हणाला.

चुना वाळला. मी नळीचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला हातपंप जोडला, पाणी भरलं आणि दांडा मारू लागलो. काटा चढू लागला. आमच्या टाकीचा जेवढा दाब येणार होता तिथवर काटा आला. चुना पांढराशुभ्र. मामांनी हात कमरेवर ठेवले.

मी दांडा सोडला. खरं तर तपासणीला त्याहून पुष्कळ जास्त दाब लागतो. ते मला माहीत होतं.

"थांबलात का?" इंदूनं विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं.

"थांबलात का, नळवाले?" मामांनीही विचारलं. "काट्याला अजून जागा आहे. मारा."

मी मारत गेलो. मधल्या तुकड्याच्या शिवणीवर एक डाग उमटला, तिळाएवढा. मग बोटाएवढा. मग फस् असा आवाज होऊन पाण्याची एक बारीक, धारदार पिचकारी निघाली आणि चुन्यासकट सरळ मामांच्या चष्म्यावर बसली.

हिरामणला हसू फुटलं होतं ते त्यानं खोकून गिळलं. मामा हलले नाहीत. इंदूनं पुढे होऊन त्यांचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत त्यांच्या नाकावर बसवला. बारा वर्षांत तिनं त्यांना तेव्हा पहिल्यांदा हात लावला.

"बंबात पाण्याला दाब नसतो," मी म्हणालो. "तुमच्या कामात खोट नाही मामा. नळाचं काम वेगळं आहे."

"तुमचं पुस्तक काय म्हणतं?"

मी पुस्तक आणलं आणि बोट ठेवून, अडखळत, वाचून दाखवलं. अखंड नळी. शिवण नको. शिसं नको.

"शिशाचं काय एवढं? बंबाच्या पाण्यानं माणूस अंग धुतो. पितो थोडाच?"

"नळाचं पितात. स्नेहल तर खेळून आली की कुठल्याही नळाला तोंड लावते. शिसं हळूहळू अंगात जातं मामा. पोरांना बाधतं."

ते गोण्यांच्या थप्पीवर बसले. बराच वेळ हातातलं चुन्याचं फडकं घडी करत होते. मग बोलले ते माझ्याशी की इंदूशी ते कळलं नाही.

"माझ्या दुकानात आता बंब येतात. विकत घ्यायला नाही, मोडीत घालायला. लोक रिक्षातून आणतात, तराजूवर टाकतात. मी तळाशी बघतो. माझी खूण असते तिथं. ह्याच हातानं केलेला, ह्याच हातानं ठोकून चपटा करायचा. गेल्या दिवाळीच्या आधी एक बंब आला. तुझ्या आईनं त्याला राख-चिंच लावून घासला होता गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी, मला आठवतंय." ते थांबले. "लेकीला बंब द्यायचा असतो आमच्यात. तुला दिला नाही. आता देऊन काय? तोही उद्या मोडीत. म्हटलं, भिंतीतली नळी कोण मोडीत घालतंय? ती राहील."

 ते उठले, फडकं घमेल्याच्या काठावर ठेवलं, तांब्या उचलला आणि चालत रस्त्याला लागले. रिक्षा पण केली नाही. नळी तिथेच पडून होती.

इंदू त्या दिवशी रडली नाही. संध्याकाळी तिनं नळी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि पलंगाखाली ठेवली. मला म्हणाली, "गळतंय तर गळतंय म्हणायचं, हे त्यांनीच शिकवलंय मला. दुकानात बसवून." जरा वेळानं म्हणाली, "लग्नाला बोलावतील ना आता?"

मला त्या सायीच्या रंगाच्या पाईपाकडे बघवेना. तो चांगला पाईप होता, मंजूर होता, दोन तासांत बसला असता. पण तो बसवला की न्हाणीचं काम संपणार होतं, आणि त्यांना इथे यायचं कारणही.

दोन दिवसांनी मी बाजारात गेलो. भांड्यांच्या नाही, फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात चौकशी केली. त्यांनी मुंबईहून तांब्याची नळी मागवून दिली. कारखान्यातली, अखंड, अंगावर मंजुरीची खूण छापलेली. ती खूण मी दुकानातच दोनदा वाचली. मग ती नळी सायकलला आडवी बांधून मी तांबटांच्या गल्लीत गेलो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मामा दुकानात होते. समोर एक बाई नवी कळशी न्यायला आली होती. त्यांनी कळशीत पाणी ओतलं, जरा हिंदकळून ओंजळीत घेतलं, एक चूळ भरून थुंकले. मग पुन्हा ओंजळ भरली आणि प्यायले. मग कळशी रिकामी करून बाईच्या हातात दिली. इंदूनं मला हे सांगितलं होतं. त्यांच्या दुकानातल्या कुठल्याही नव्या भांड्याचं पहिलं पाणी ते स्वतः पितात. झाळताना, म्हणजे डाख देताना, घातलेल्या खाराची चव राहिली असेल तर ती करणाऱ्याच्या तोंडात यावी, गिऱ्हाइकाच्या नाही. हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता.

बाई गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय मोडायला आणलंय?"

मी नळी पुढे केली. त्यांनी नखानं तिच्या अंगावरून रेघ ओढली, उलटी करून पुन्हा ओढली. डोळ्याला लावून दुर्बिणीसारखी रस्त्याकडे धरली.

"शिवण कुठाय?"

"नाहीच."

"मशीनवरची." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण नळी खाली ठेवली नाही.

"नियमात बसते मामा. पण मला हिचे जोड येत नाहीत. लोखंडाला मी आटे पाडतो, प्लास्टिकला डिंक लावतो. तांब्याला काय करायचं? शिसं तर चालत नाही. नाशकातल्या कुठल्याच नळवाल्याला येत नाही. मी चौघांना विचारलं."

मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच येत नव्हतं.

त्यांनी नळी मांडीवर आडवी घेतली. "हे भिंतीत किती वर्षं राहील?"

"आपल्यापेक्षा जास्त."

"मग चांदीचा डाख द्यावा लागेल." ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "चांदी आणि पितळ. टाकणखार घालून. घट्ट बसतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चौकट बसली का तुमची?"

"नाही."

"सुताराला सांगा, घाई करू नको म्हणावं."

ते आले त्या दिवशी हिरामणनं गवंडीकाम थांबवलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. मामांनी कोट काढून खिळ्याला अडकवला. नळीची तोंडं राखेनं घासून लख्ख केली, एकात एक बसवली, टाकणखाराची पेस्ट लावली. स्टोव्हसारखी एक फुंकणी त्यांच्याकडे होती, तिची निळी ज्योत सुरू केली. मग कोटाच्या खिशातून एक लहान पुडी काढून उघडली आणि त्यातलं चांदीचं एक वेढं कातरीनं कापू लागले.

इंदू बाजूला स्नेहलची वेणी घालत बसली होती. तिचा हात थांबला.

"दादा, ही जोडवी आईची आहेत."

"मग कोणाची असणार?"

"दादा."

"सून येतेय तिला पैंजण ठेवलेत. ही तुझी होती. द्यायची राहिली." त्यांनी मान वर केली नाही. चांदीचे बारीक तुकडे करून ते पितळेच्या कणांत मिसळत होते. "पायात घालून काय, झिजतात."

आईची जोडवी जोडाजोडांत वितळली. प्रत्येक जोडाभोवती एक बारीक चकचकीत कडी उमटत गेली. मामा ज्योत हलवत, फुंकर घालत, खाचेच्या कडेनं सरकत होते. म्हातारा माणूस, पण हात इतका स्थिर की मला माझ्या हातांची लाज वाटली. गिझरच्या जागेपासून नळापर्यंत सगळी नळी बसायला दुपार झाली. स्नेहलनं मधेच त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली. त्यांनी ती तिथेच राहू दिली.

मग जोडांवर चुना, आणि माझा पंप. या वेळी मी विचारलंही नाही, काटा पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत नेला आणि दाब कोंडून ठेवला. "सकाळपर्यंत असाच राहू द्यायचा," मी म्हणालो.

"मी सकाळी येतो," मामा म्हणाले.

ते आम्ही उठायच्या आत आले. म्हणजे बांधकामाजवळच्या आमच्या पत्र्याच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो तर ते न्हाणीत आधीच उभे होते, नाक चुन्याला लावून. काटा जागचा हलला नव्हता. चुना पांढरा होता, पहिल्या जोडापासून शेवटच्यापर्यंत. त्यांनी अंगठ्यानं थोडा चुना खरवडून पाहिला. खाली कोरडं.

"सोडा पाणी," ते म्हणाले.

मी तात्पुरतं ड्रमचं पाणी जोडून नळी उघडली. आधी खळाळत गढूळ पाणी आलं, खाराचं. ते वाहून जाऊ दिलं. मग स्वच्छ धार लागली. इंदू बादली घेऊन उभी होती. स्नेहल पाण्याकडे झेपावली तसा मामांनी तिला हातानं मागे सारलं.

"थांब गं. आधी मी."

त्यांनी ओंजळ धरली. एक चूळ भरली, जिभेवर घोळवली, खाली थुंकले. पुन्हा ओंजळ धरली. आणि प्यायले. सगळी ओंजळ, एका दमात, मान मागे टाकून. त्यांच्या गळ्याची गोटी खाली-वर झालेली मी पाहिली.

पाणी वाहत होतं. कोणी नळ बंद करेना. इंदूनं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मामांनी मिशीवरचं पाणी हातानं निपटलं. आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं, की ओंजळ धरण्याआधीच ठाऊक होतं, ते मला आजवर माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

"चव नाही कसली," ते म्हणाले. "चांगलं आहे. प्या."

स्नेहल नळाला तोंड लावून प्यायली. मग मी. इंदू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "चहा टाकू का दादा?"

"टाक. साखर कमी." मग जरा थांबून म्हणाले, "ह्याच पाण्याचा टाक."

महापालिकेचे साहेब आले तेव्हा भिंत अजून उघडीच होती. त्यांनी नळीवरची खूण वाचली, जोडांवरून बोट फिरवलं, हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "सासऱ्यांनी." त्यांनी दाब बघितला आणि कागदावर सही केली. खाली मी माझी सही केली. मग हिरामणनं गिलावा मारला आणि नळी दिसेनाशी झाली. गिलावा ओला असताना मामांनी त्यावर खिळ्यानं त्यांची खूण काढली, बंबाच्या तळाला काढत तशी. हिरामणनं ती लिंपली नाही.

दिगंबरच्या लग्नात इंदू करा घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. पंगतीत मामांनी मला शेजारी बसवलं आणि व्याह्यांना ओळख करून दिली, "हे आमचे नळवाले." शेवटपर्यंत ते मला तेच म्हणायचे. पुढे मला तांब्याच्या नळीची दोन-तीन कामं मिळाली. जोड द्यायला मी त्यांनाच बोलवायचो. एका कामात त्यांनी मला फुंकणी हातात दिली आणि माझ्या मनगटाला धरून ज्योत कशी हलवायची ते शिकवलं. पलंगाखालची ती हातानं ठोकलेली नळी इंदूनं कापून तिचे पडद्याचे दांडे केले. ते अजून आमच्या दोन्ही खिडक्यांना आहेत. म्हसरूळच्या आमच्या आळीत काही वर्षांनी सगळ्यांनी भिंती फोडून गंजलेले लोखंडी पाईप बदलले. आम्हीही थंड पाण्याचे बदलले. न्हाणीतल्या त्या भिंतीला हात लावावा लागला नाही.

माझे सासरे मुरलीधर लक्ष्मण तांबट दोन हजार बारा साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या घरी वारले. त्यांना अंघोळ घालायला इंदूनं त्याच नळाचं पाणी काढलं.